सगळ्यात लांबची जागा

ऑकलंडला जाऊन राहिलेल्या बेटकऱ्यांनी गावच्या इस्पितळाला एक यंत्र भेट द्यायचं ठरवलं. कोणतं हवं ते विचारायला त्यांनी तीन चित्रं पाठवली आणि इस्पितळाची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या तालाहिवानं त्यातलं सगळ्यात लहान यंत्र निवडलं. त्यावरून बेटावर पुष्कळ दिवस चेष्टा चालली होती.

चित्रं घेऊन आला होता फेलेती. चर्चचा कारभारी तोच, आणि परदेशातल्या लोकांशी बोलणंचालणंही त्याच्याकडेच. प्रयोगशाळेच्या अर्ध्या दारावर कोपरं टेकून तो उभा राहिला. तालाहिवानं बोट ठेवलं त्या चित्राकडे त्यानं वाकून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"हे?"

"हेच."

"अगं, हे भाताचं भांडं आहे."

"सेंट्रिफ्यूज आहे. रक्त फिरवायचं यंत्र."

"माझ्या बायकोकडे याहून मोठं आहे. आणि त्यात भात तरी शिजतो." फेलेतीनं शेजारचं चित्र पुढे सरकवलं. त्यात कपाटाएवढं यंत्र होतं. "हे बघ. हे धक्क्यावर उतरवायला सहा माणसं लागतील. बँड लावू, भाषणं होतील. तिकडची माणसं रात्रपाळ्या करून आपल्याला भेट देतायत आणि आपण काय मागायचं? ओट्यावर मावेल असं काहीतरी? तोंड कुठे लपवू मी?"

त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. त्या बेटावर भेट लहान असली की ती घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची शोभा होते. डुक्कर द्यायचं तर दोघांना खांद्यावर काठी घालून न्यावं लागेल असं, आणि चटई द्यायची तर अंगणभर उलगडेल अशी. डॉक्टर पोनगी तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांचाही ओढा मोठ्याकडेच होता.

"बाई, मोठ्यात शंभर नळ्या एकदम मावतात," ते म्हणाले.

"आणि आपल्याकडे दिवसाला किती येतात, डॉक्टर? आठ आल्या तर माझी कंबर धरते. मोठ्याला वीज एकसारखी लागते. आपलं जनित्र धाप टाकतं ते तुम्ही ऐकताच. ते बिघडलं तर माणूस विमानानं यायचा, आणि तोवर आपण त्याच्यावर कुंड्या ठेवायच्या." ती थांबली. "आणि या लहान्याचं झाकण चकती फिरत असताना उघडत नाही. पुरतं थांबलं की मगच उघडतं."

"एवढंच ना? झाकण काय, आपण लक्ष ठेवू."

"हेनेलीही लक्ष ठेवायचा," तालाहिवा म्हणाली.

हेनेली तिचा गुरू. जुन्या विजेच्या यंत्राच्या झाकणाला कडी नव्हती. प्रार्थनेची घंटा झाली, हेनेलीला उशीर होत होता आणि मंदावत आलेली चकती त्यानं बोटांनी थोपवायला पाहिली. त्यानंतर मरेपर्यंत तो कावा या मुळांच्या पेयाची करवंटी साडेतीन बोटांनी धरायचा. ते यंत्र पुढे गंजून गेलं आणि प्रयोगशाळा पुन्हा त्याच्याही आधीच्या, हातानं फिरवायच्या चार कपांच्या यंत्रावर आली. तालाहिवानं निम्मं आयुष्य त्याचा दांडा फिरवला होता.

शेवटी लहानच आलं. धक्क्यावर बँड होता, भाषणं झाली, आणि एवढ्या सगळ्यातून फेलेतीनं एकट्यानं काखेत धरून खोकं आणलं तेव्हा बायका तोंडावर हात धरून हसल्या. नाव पडलं ते पडलंच. इस्पितळाचा झाडूवालासुद्धा विचारायचा, "मावशी, भात झाला का?"

तालाहिवाला त्याचं काही वाटत नसे. दार लोटून घेतलं की ती आणि यंत्र. आत आठ भोकांची चकती, वर धुरकट जाड झाकण, त्यातून आतलं दिसायचं. बटण दाबलं की आधी नळ्या दिसत, मग नळ्यांचं एक करडं कडं दिसे, मग काहीच दिसत नसे, फक्त एक संथ आवाज. आणि यंत्र थांबलं की नळीत ते असायचं. खाली दाट लाल, वर सोनेरी.

तरुणपणी हेनेलीनं पहिल्यांदा ती नळी तिच्या हातात दिली तेव्हा तिला वाटलं होतं, यानं काहीतरी मिसळलंय. रक्त लाल असतं हे काय कोणाला शिकवावं लागतं? हेनेली म्हणाला होता, "मिसळलं नाही गं. उलगडलं." किती वर्षं झाली. डुकरं आणि दर्यावर्दी, पाद्री आणि दारुडे, सगळ्यांच्या अंगात ती सकाळच्या उन्हासारखी पिवळी धार निघायची. डुकरांची तिनं कधी पाहिली नव्हती, पण तशीच असणार याची तिला खात्री होती. अजूनही नळी उजेडात धरली की तिचा हात क्षणभर तसाच राहायचा.

यंत्राचा मुख्य कायदा एकच. एका भोकात नळी ठेवली की बरोबर समोरच्या भोकात तेवढ्याच वजनाची नळी ठेवायची. एक बाजू जड झाली की चकती डुगडुगते, यंत्र ओट्यावरून चालायला लागतं, नळ्या फुटतात. एकटीच नळी असेल तर दुसरीत पाणी भरून समोर ठेवायचं. हे ती झोपेतसुद्धा करायची.

पण तिचा स्वतःचा आणखी एक कायदा होता. तो तिला कोणी शिकवला नव्हता आणि कोणी विचारलाही नव्हता. भाऊ आणि बहीण यांच्या नळ्या एकाच वेळी आल्या तर ती त्या एकमेकांसमोर ठेवत नसे. माणसं जे पाळतात ते रक्तानं का पाळू नये? बेटाची रीतच आहे, वयात आल्यावर भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्यासमोर हसतखिदळत नाही, तिच्याकडे तोंड करून बसत नाही. बहीण मानानं वरची, तिचं मूल त्याहून वरचं. हा सगळा मान हातभर लांबून द्यायचा असतो. मग त्यांना आणून समोरासमोर बसवायचं आणि वरून गरागरा फिरवायचं? तिला ते बरं दिसत नसे. चार कपांच्या यंत्रात ती भावासमोर पाणी ठेवायची, बहिणीसमोर पाणी ठेवायची. दोघांचा मान राहायचा, वजनही जुळायचं.

तर तो रविवार.

रविवारी बेट गप्प असतं. होडी सुटत नाही, विमान उतरत नाही, कुऱ्हाडीचा आवाज नाही. सकाळी जमिनीतल्या भट्ट्या भरून माणसं चर्चला जातात आणि मग सगळीकडून फक्त गाणं ऐकू येतं. अळूच्या पानांत बांधलेल्या मांसाचा आणि नारळाच्या दुधाचा वास मातीतून वर येत असतो. तालाहिवा पांढरे कपडे घालून, कमरेला, मान म्हणून गुंडाळतात ती, केवड्याच्या पानांची चटई बांधून चर्चच्या पायरीवर पोचली होती तेवढ्यात नर्स सिसिलिया धावत आली.

"मावशी, चल. एलेनोआ बाळंत झाली. रक्त थांबत नाही."

"मूल?"

"मुलगी. रडतेय चांगली. आई मात्र पांढरी पडत चाललीय."

तालाहिवा चटईसकट निघाली. वाटेत सिसिलियानं बाकीचं सांगितलं. मागल्या बाळंतपणात एलेनोआला रक्त चढवलं होतं. गट जुळत होता, तरी तिला थंडी भरून आली होती, लघवी काळी झाली होती. म्हणजे या वेळी नुसता गट पाहून चालणार नव्हतं. ज्याचं रक्त द्यायचं त्याचा थेंब तिच्या थेंबाशी जुळवून बघायचा, आणि जुळला तरच द्यायचा. बेटावर रक्ताचा साठा नव्हता. साठा म्हणजे माणसं.

"डॉक्टरांनी मानासेला बोलावलंय," सिसिलिया म्हणाली. "तिचा भाऊ. गट तोच आहे. चर्चमधूनच उठून आला."

मानासे व्हरांड्यात उभा होता. होड्या बांधणारा धिप्पाड माणूस, काळा कोट, कमरेला चटई, पाय अनवाणी. बहीण होती त्या खोलीकडे त्यानं पाठ केली होती. खोलीचं दार उघडं होतं म्हणून तो आणखी दोन पावलं लांब सरकला.

"वाचेल ना?" त्यानं समुद्राकडे बघत विचारलं.

"हात पुढे कर," तालाहिवा म्हणाली.

तिनं त्याच्या दंडातून नळीभर रक्त घेतलं. एलेनोआची नळी डॉक्टरांनी स्वतः घेऊन दिली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बाई, एवढीच मिळाली. शिरा बसल्यात. दुसरी मिळेल असं धरू नका. ही सांभाळा."

"आणि तुम्ही तिला सांभाळा."

प्रयोगशाळेत आल्यावर तिनं हातमोजे चढवले. नव्या यंत्राबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या संपत आल्या होत्या आणि जहाजातून येणारी पुढची पेटी अजून आली नव्हती. शिल्लक होत्या तेवढ्या दोनच, आणि त्या दोन्हींत आता रक्त होतं. एकीत बहिणीचं, एकीत भावाचं. तिनं जुन्या यंत्राच्या काचेच्या दोन नळ्या घेतल्या. रक्ताच्या उंचीएवढं पाणी दोन्हींत भरलं, डोळ्यांसमोर धरून उंची पाहिली, बरोबर होती. बहिणीसमोर पाणी, भावासमोर पाणी. झाकण लावलं. कडी टक्क करून बसली. बटण दाबलं.

आवाज चढायला लागला आणि काहीतरी चुकलंय हे तिला कळलं.

तो संथ आवाज नव्हता. आधी धडधड, मग ओट्यावरच्या बाटल्या किणकिणायला लागल्या, मग यंत्र पाय आपटत कडेकडे सरकायला लागलं. तिनं बटण बंद केलं, वायर उपटली. चकती लगेच थांबत नसते. ती घोंघावत राहिली आणि त्या घोंघावण्यात आत काहीतरी फुटलं. खणकन.

सिसिलिया दारात येऊन पोचली. "काय झालं? फुटलं? मावशी, उघड ते!"

"उघडत नाही."

"सुरी घाल! कडी तोड! ती जातेय तिकडे!"

"सिसिलिया, लांब हो." तालाहिवाचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "थांबल्याशिवाय ते उघडत नाही. म्हणूनच मी ते घेतलंय."

"पण आत तिचं रक्त..."

"आत तिचं रक्त आहे म्हणूनच."

फिरणाऱ्या चकतीत रक्ताची नळी फुटली की त्याची वाफेसारखी धूळ होते. झाकण उघडलं की ती श्वासाबरोबर छातीत जाते. नियम असा की रक्त फुटलं असेल तर चकती थांबली तरी अर्धा तास झाकण उघडायचं नाही. तो अर्धा तास एलेनोआकडे नव्हता. आणि फुटलेली नळी तिचीच असली तर अर्ध्या तासानंतरही काही नव्हतं.

दोघी उभ्या राहिल्या. चर्चमधून गाणं येत होतं. पुरुषांचे आवाज खालून चढत होते, बायकांचे त्यांच्यावर बसत होते. यंत्राचा आवाज उतरत उतरत त्या गाण्याखाली गेला.

चकती थांबली. तालाहिवानं झाकणाला हात न लावता विजेरी त्यावर धरली आणि वाकून आत पाहिलं. धुरकट झाकणातून आधी तिला स्वतःच्याच डोळ्यांचं प्रतिबिंब दिसलं. मग खालचं दिसलं. लाल एक. लाल दोन. दोन्ही नळ्या उभ्या, अख्ख्या. आतल्या भिंतीवर लाल ठिपका नाही. एका भोकात काचेचे दात आणि पाणी.

"पाणी फुटलंय," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली. "पाणीच फुटलंय गं."

सिसिलियानं हुंदका दिला की हसली ते कळलं नाही.

तरी तिनं घाई केली नाही. तोंडावर कापड बांधलं, खिडकी उघडली, मगच झाकण उघडलं. काचा बोटांनी नाही, चिमट्यानं उचलल्या, जाड डब्यात टाकल्या. भोक पुसून काढलं. दोन्ही लाल नळ्या स्टँडवर ठेवल्या आणि मग जुना तराजू पुढे ओढून वाचलेली काचेची नळी पाणी ओतून रिकामी केली आणि एका पारड्यात ठेवली. दुसऱ्यात मानासेची रक्तानं भरलेली.

रिकाम्या काचेचं पारडं खाली गेलं.

ती बघत राहिली. उंची जुळवली होती तिनं, वजन नाही. चार कपांच्या यंत्रात सगळ्याच नळ्या काचेच्या असायच्या, तिथे उंची बघून भागायचं. डोळ्यांना इतक्या वर्षांची सवय झाली होती आणि आज हात डोळ्यांच्या मागे गेले होते. हेनेली असता तर अर्ध्या बोटानं कपाळावर टिचकी मारली असती.

आता करायचं काय? प्लॅस्टिकची तिसरी नळी नव्हती. रक्त काचेत ओतायचं तर काचेनं आत्ताच दगा दिला होता. आणि समोर स्टँडवर दोन नळ्या उभ्या होत्या, एकाच मापाच्या, एकाच उंचीच्या, दोन्हींत रक्तच. तिनं त्या तराजूत टाकल्या. काटा मधोमध येऊन उभा राहिला. केसभरही हलला नाही.

भाऊ आणि बहीण. एकमेकांसमोर ठेवले की झालं.

तिचा हात पुढे जाईना. हसाल तुम्ही. एका बाजूला बाई मरतेय आणि दुसऱ्या बाजूला ही कशाला अडतेय. पण जन्मभर जे पाळलं ते असं कपड्यासारखं उतरवून ठेवता येत नाही. ती व्हरांड्यात गेली.

"मानासे."

"हं."

"तुझं रक्त तिच्या रक्ताबरोबर यंत्रात घालावं लागेल. दोघांचंच. मध्ये पाणी नाही, काही नाही."

मानासेनं चटईची गाठ चाचपली. त्याच्या मानेवर लाली चढली. "एकाच भांड्यात?"

"भांडं कसलं रे! चकती आहे. गोल. वेगवेगळी भोकं."

"झाकण असतं ना वर?"

"असतं."

"तालाहिवाबाई, मला कळत नाही तुमच्यातलं. तिला लागेल तेवढं काढा. सगळं काढा, मी हू का चू करणार नाही. फक्त एक करा. त्या गोलात तिच्यापासून सगळ्यात लांबची जागा असेल ना, ती मला द्या. जवळ बसवू नका. तिचा मान राहू दे."

"देते," ती म्हणाली.

ती आत आली. एलेनोआची नळी तिनं एका भोकात ठेवली. मग मानासेची नळी हातात धरून ती चकतीकडे बघायला लागली. शेजारचं भोक, जवळ. त्याच्या पुढचं, थोडं लांब. त्याच्याही पुढचं, आणखी लांब. आणि त्याच्या पुढे, बरोबर समोर. त्या पलीकडे गेलं की पुन्हा जवळ यायला लागत होतं.

तिनं पुन्हा एकदा बोटानं मोजून पाहिलं, या बाजूनं आणि त्या बाजूनं. गोलात सगळ्यात लांबची जागा एकच होती. समोरची.

इतकी वर्षं ती या दोन कायद्यांना एकमेकांपासून सांभाळत आली होती. यंत्राचा एक आणि माणसांचा एक. मध्ये पाणी ठेवून. आणि इथे या आठ भोकांत ते दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. समोर म्हणजे जवळ नव्हे. समोर म्हणजे जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब, आणि तरी एकाच वर्तुळात. एकानं दुसऱ्याला लांबूनच तोलून धरायचं. एक नसेल तर दुसरा भिंतीवर आपटून फुटेल.

तिनं नळी ठेवली. झाकण लावलं. कडी बसली.

आवाज चढला. बाटल्या गप्प होत्या. दोन नळ्यांचं एक कडं झालं, मग कडंही दिसेनासं झालं, आणि तो संथ, एका श्वासाचा आवाज खोलीत भरला. ओट्यावरच्या पाण्याच्या पेल्यात थरथर नव्हती. तालाहिवा हात जोडून उभी होती हे तिला नंतर सिसिलियानं सांगितलं.

थांबल्यावर तिनं दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. खाली लाल, वर सोनेरी. डाव्या हातात बहीण, उजव्या हातात भाऊ. कुठली कुठली ते नावाची चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं.

मग पुढचं काम. एलेनोआच्या सोनेरी द्रवाचे थेंब, मानासेच्या लाल पेशींचे थेंब, याच कामासाठी ठेवलेल्या एका वेगळ्या चिमुकल्या नळीत. ऊब देऊन, थोडा वेळ ठेवून पुन्हा फिरवायचं. त्या चिमुकल्या नळीसमोर तिनं तसलीच दुसरी ठेवली, या वेळी तराजूत घालून. आता सगळं त्या तळाच्या ठिपक्यावर होतं. नळी हळू तिरकी करायची. लाल ठिपका गुठळ्यागुठळ्यांनी सुटला, दह्यासारखा, तर ते रक्त एलेनोआला विष. मग दुसरा माणूस शोधायचा, आणि तेवढा वेळ नाही.

सिसिलिया तिच्या खांद्याशी आली. डॉक्टर पोनगी दारात आले.

तालाहिवानं नळी कलती केली.

ठिपका क्षणभर तसाच राहिला. मग त्याच्या कडेनं एक लाल धागा सुटला, धुरासारखा वळत वर आला. मग दुसरा. मग सगळा ठिपका हलक्या लाल ढगासारखा उठला आणि द्रवात पसरला. कुठे गुठळी नाही, कुठे कण नाही. तिनं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. एकमेकांचा हात न लागता दोघंही एकमेकांत होते.

"जुळलं," ती म्हणाली.

डॉक्टर पळालेच.

मानासेकडून पिशवीभर रक्त घेतलं. तो म्हणाला होता तसं त्यानं हू का चू केलं नाही, फक्त म्हणाला, "एवढंच?" मग सिसिलियानं त्याला नारळाचं पाणी दिलं आणि भिंतीशी बसवलं. आत ते रक्त थेंबाथेंबानं उतरू लागलं. तालाहिवा पलंगाशी बसून राहिली. थंडी भरते का, कंबर दुखते का, तोंड लाल होतं का, बघत. काही झालं नाही. चर्च सुटलं, माणसं आपापल्या भट्ट्या उघडायला गेली. एलेनोआच्या ओठांवरची राखाडी छटा जाऊन आधी फिका रंग आला, मग तो गुलाबी होत गेला. तिनं डोळे उघडले.

"कोणाचं?" तिनं पिशवीकडे बघून विचारलं.

"तुझ्या भावाचं."

एलेनोआनं डोळे मिटले. त्यांच्या कडांतून पाणी ओघळलं. मग म्हणाली, "त्याला सांगा, जेवून घे. त्याला भूक सहन होत नाही."

सिसिलिया बाळाला गुंडाळून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत घेऊन गेली. "बघ रे मामा, तुझी मालकीण. आजपासून ही तुझ्याकडे काय मागेल ते द्यायचं. तुझ्या पोराच्या ताटातलं उचललं तरी बोलायचं नाही. आईनं तर तुझं रक्तच उचललं, पुढचं काय ते तूच समज."

"माझी होडी सोडून काही माग म्हणावं," मानासे म्हणाला. मग बाळाकडे नजर टाकून लगेच म्हणाला, "बरं, होडीसुद्धा."

फेलेती चर्चमधून केळीच्या पानावर जेवण घेऊन आला. झाकलेल्या पानातून वाफ येत होती. त्याला वाटेतच सगळं कळलं होतं. तो प्रयोगशाळेच्या अर्ध्या दाराशी उभा राहिला, ओट्यावरच्या यंत्राकडे बघत. एकदा घसा खाकरला.

"कडी तुटली नाही म्हणे."

"नाही तुटली."

"सुरी घालूनही तुटली नसती?"

"कोणी घातली नाही."

"हं." त्यानं पान ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, यंत्रापासून चांगलं लांब ठेवलं. "भात आहे. खऱ्या भांड्यातला." आणि पहिल्यांदाच त्या यंत्राकडे बघून तो हसला नाही.

सगळे गेल्यावर तालाहिवानं चकती काढली, जंतुनाशकानं पुसली, सुकवून परत बसवली. काचेच्या उरलेल्या नळ्या तिनं कपड्यात बांधल्या. त्या आता कुठल्याच यंत्रात जाणार नव्हत्या. एवढ्यात दारावर सावली पडली. मानासे होता. अंगात अशक्तपणा, पण उभा ताठ.

"बाई, मला दाखवता का? कुठे ठेवलं होतं ते?"

"ये आत."

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर थांबला, कोटाची बटणं लावली, कमरेची चटई सोडून पुन्हा नीट गुंडाळली, वरची दोरी घट्ट ओढून बांधली. थोरांच्या घरात पाऊल टाकायच्या आधी बांधतात तशी. मगच तो आत आला आणि मान खाली घालून यंत्रापाशी उभा राहिला.

तालाहिवानं झाकण उघडलं. "इथे ती." तिनं एका भोकावर बोट ठेवलं. "आणि इथे तू."

मानासेनं आपला रुंद, वाकसानं लाकूड तासून तासून जाड झालेला अंगठा पुढे केला, पण चकतीला लावला नाही. वरूनच एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत वीत धरली. होडीच्या दोन फळ्या बसतात का ते तो असंच बघत असणार.

"यापेक्षा लांब जागा नव्हती?"

"नाही. एवढ्या गोलात याहून लांब काही नाही."

तो बराच वेळ त्या दोन भोकांकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली, आणि यंत्राकडे पाठ न करता, मागे मागे पावलं टाकत दाराबाहेर गेला.